माणशी एक एकर : म्हैसूरच्या मुलखातले तिबेटी संसार

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणारा रस्ता हुणसूर आणि पिरियापट्टण ओलांडून कुशालनगरच्या थोडं अलीकडे बैलकुप्पे या गावाशी येतो. अंतर साधारण ८० किलोमीटर. महाराष्ट्रातून कूर्गला निघालेल्या सहली इथे हमखास थांबतात. इथल्या बौद्ध सुवर्णमंदिरातल्या उंच मूर्ती पाहून, फोटो काढून, मोमो खाऊन लोक पुढच्या मुक्कामाला निघतात. मंदिराच्या आसपास मक्याच्या शेतांमधून छोटी छोटी खेडी पसरलेली आहेत. त्यांना तिबेटी नावं आहेत, पण रिक्षावाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना नंबराने ओळखतात : पहिला कॅम्प, दुसरा कॅम्प, तिसरा कॅम्प. जुन्या वसाहतीचं नाव लुगसुंग सामदुपलिंग, नंतरच्या वसाहतीचं दिक्यी लारसो. सहली या खेड्यांत शिरत नाहीत. मला मात्र त्यांचाच इतिहास सांगायचा आहे, कारण परक्या देशात आलेल्या तरुण जोडप्यांनी संसार कसा उभा केला आणि त्याला काय काय लागलं, हे इतक्या जवळून पाहता येईल अशी दुसरी जागा माझ्या माहितीत नाही.

मी मूळची सांगलीची. १९८० च्या दशकात लग्न होऊन म्हैसूरला आले. यजमान केंद्र सरकारच्या एका संशोधन संस्थेत होते, मी पुढे शाळेत भूगोल शिकवू लागले. आरंभी कन्नड येत नव्हतं, भाजीवालीशी बोटं मोजून व्यवहार करावा लागे आणि संध्याकाळी दार लावलं की सांगलीची फार आठवण येई. तरीही माझ्या हातात रेशनकार्ड होतं, मतदारयादीत नाव होतं आणि मे महिन्यात माहेरी जायची सोय होती. ज्यांना माहेरीच काय, मायदेशीही परत जाता येत नाही, त्यांचं रोजचं जगणं कसं मार्गी लागतं, हा प्रश्न मला एका तिबेटी बाईंमुळे पडला. थंडीच्या दिवसांत त्या म्हैसूरच्या फुटपाथवर स्वेटर विकायला बसत. सगळे त्यांना आमा-ला म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणू लागले. त्या मला अक्का म्हणत. आमचं बोलणं मोडक्या कन्नडमध्ये आणि मोडक्या हिंदीत चाले. पुढे बैलकुप्प्यात त्यांच्या घरी जाणं-येणं झालं. या लेखात पुस्तकी इतिहासाच्या जोडीला त्यांचं सांगणं आहे. नाव देऊ नये असं त्यांचं म्हणणं होतं, ते मी पाळते.

१० मार्च १९५९ ला ल्हासात चिनी सत्तेविरुद्ध उठाव झाला. १७ मार्चच्या रात्री दलाई लामांनी ल्हासा सोडलं आणि ३१ मार्चला ते तवांगच्या बाजूने भारताच्या हद्दीत आले. त्यांच्या मागोमाग त्या आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे ८०,००० माणसं हिमालय ओलांडून आली. त्यांतल्या पुष्कळांना आसामातल्या मिसामारीच्या छावणीत बांबूच्या झोपड्यांतून ठेवलं होतं. भिक्षूंची सोय बंगालमधल्या बक्सा इथे, ब्रिटिशांच्या काळातल्या एका जुन्या तुरुंगाच्या जागी केली होती. थंड, कोरड्या पठारावरून आलेल्यांना आसामची दमट हवा सोसवेना. लोकरीचे जाड कपडे अंगावर, पाण्याची सवय वेगळी, आणि ज्या रोगांशी आधी गाठ पडली नव्हती ते रोग. कित्येक माणसं तिथेच गेली. क्षयाने तर पुढची अनेक वर्षं या लोकांची पाठ सोडली नाही.

छावणीतून बाहेर पडायची वाट होती रस्त्याच्या कामाची. हिमाचल, सिक्कीम आणि सरहद्दीच्या डोंगराळ भागांत त्या काळी रस्ते बांधले जात होते. तिबेटी लोकांना उंचीवरच्या हवेची सवय होती, म्हणून त्यांना तिकडे पाठवलं. नवरा-बायको दोघंही खडी फोडत, मूल कडेच्या तंबूत. काम पुढे सरकलं की तंबूही पुढे सरके. आमा-लांचा पहिला मुलगा अशाच एका तंबूत जन्मला. त्यांचं वय तेव्हा विशीच्या आसपास. मुलाला दगडाच्या कपारीत ठेवून त्या खडी वाहत आणि दर थोड्या वेळाने वर दरडीकडे बघत. दरडी कोसळून माणसं दगावत होती. मुलं आजारी पडत होती, त्यांना शाळा नव्हती. अशा स्थितीत पोट भरेल, पण घर होणार नाही, हे त्या तरुण आईबापांना कळत होतं, तसं ते दलाई लामांना आणि जवाहरलाल नेहरूंनाही कळत होतं.

म्हणून शेतजमिनीचा शोध सुरू झाला. लोक विखुरले तर भाषा आणि धर्म एका पिढीत विरून जातील, तेव्हा त्यांना एकत्र राहता येईल इतकी मोठी सलग जागा हवी, असा दलाई लामांचा आग्रह होता. हिमालयाच्या पायथ्याशी एवढी जमीन मोकळी नव्हती. नेहरूंनी राज्यांना विचारणा केली. मोठ्या प्रमाणावर जमीन देण्यात त्या वेळचं म्हैसूर राज्य पुढे राहिलं. आजचं कर्नाटक हे नाव १९७३ चं, त्यामुळे जुने तिबेटी अजूनही या साऱ्या मुलखाला म्हैसूरच म्हणतात. राज्याचे मुख्यमंत्री राहिलेले एस. निजलिंगप्पा यांचं नाव तर वसाहतींमध्ये आजही कृतज्ञतेनं घेतलं जातं. बैलकुप्प्याजवळची सुमारे ३,००० एकर जंगलजमीन भाडेपट्ट्याने मिळाली. तिच्यावर ३,००० माणसं वसवायची होती. म्हणजे माणशी एक एकर. १९६० च्या अखेरीस पहिल्या तुकड्या येऊ लागल्या आणि १९६१ मध्ये वसाहत रीतसर सुरू झाली.

भूगोलाच्या शिक्षिकेला इथे थांबावंसं वाटतं. ल्हासाची उंची सुमारे ३,६५० मीटर, बैलकुप्प्याची ८५० च्या आसपास. तिकडे जवाची शेती, याक आणि मेंढ्या, विरळ पाऊस. इकडे तांबडी माती, जूनपासून धो धो पडणारा मोसमी पाऊस, साग-बांबूचं रान आणि पलीकडे नागरहोळेचं जंगल. आलेल्यांत शेतकरी होते, तसे मेंढपाळ होते, व्यापारी होते, ज्यांनी कधी नांगर धरला नव्हता असेही होते. मका बहुतेकांना नवा, नाचणी सगळ्यांनाच नवी. हंगाम कधी धरायचा, पेरणी किती खोल करायची, कुठल्या ढगाचा पाऊस पडतो आणि कुठला नुसताच जातो, हे सगळं ज्ञान सरहद्दीपलीकडे राहिलं होतं किंवा इथे कुचकामाचं होतं.

आमा-ला सांगत, रेल्वेने म्हैसूरला उतरलो, तिथून ट्रकमध्ये घातलं आणि जंगलात आणून सोडलं. समोर झाडी आणि तंबूंच्या रांगा. पुरुषांना कुऱ्हाडी दिल्या, बायकांना कोयते. झाडं तोडायची, बुंधे उपटायचे, फांद्यांचे ढीग रचून पेटवायचे. वर दक्षिणेचा सूर्य, पुढ्यात जाळ. माणसं काळवंडली, वाळली. ‘फ्रीडम इन एक्झाइल’ या १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात दलाई लामांनी वसाहतींच्या या आरंभीच्या हालांबद्दल लिहिलं आहे. आमा-लांना कष्टांपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त लागली होती. आगीत किडा-मुंगी, पाखरांची घरटी, सगळं जळत होतं. किड्यालाही मारू नये अशा संस्कारात वाढलेली माणसं रोज संध्याकाळी त्या जीवांसाठी प्रार्थना करत आणि सकाळी पुन्हा आग लावत. दुसरा इलाज नव्हता. पाऊस सुरू व्हायच्या आत जमीन मोकळी व्हायला हवी होती.

जमीन मोकळी झाली, पीक उभं राहिलं आणि हत्ती आले. त्यांच्या वाटा या रानातून पूर्वीपासून होत्या, त्यांत मका आणि वस्ती मध्ये आली. मचाण बांधून, डबे बडवून, टेंभे पेटवून रात्र रात्र राखण करावी लागे. तान्ह्या मुलाला पाठीशी बांधून आमा-ला राखणीला जात. तिबेटात रात्रीची भीती लांडग्याची होती, असं त्या सांगत. हत्ती त्यांनी आधी फक्त मठांतल्या चित्रांत पाहिला होता.

या सगळ्यात आरंभी संसार सरकारी शिध्यावर तरला. पीक हाती येईपर्यंत रेशन मिळे, त्यावर चूल चाले. स्वैपाकाची तऱ्हा बदलावी लागली. त्साम्पा म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ, आपल्या सातूच्या पिठासारखं, चहात कालवून खायचं. बैलकुप्प्यात जव कुठला? मग गहू भाजून, मका भाजून पीठ दळलं गेलं. मिठाचा लोण्याचा चहा करायचा तर याकचं लोणी नाही, विटेसारखा दाबलेला चहाही नाही. म्हशीचं लोणी आणि बाजारातला भुकटा घालून चहा होऊ लागला. म्हाताऱ्या माणसांना तो गिळवत नसे, पण मुलं त्याच चवीवर वाढली. जाड चुपा, म्हणजे तिबेटी झगा, पेटीत गेला आणि तशाच बेताचा सुती झगा आला. लग्न झालेल्या बाईने पुढे बांधायचं रंगीत पट्ट्यांचं पांग्देन मात्र कुणी सोडलं नाही. आमा-लांचं एक पांग्देन त्यांनी तिबेटातून आणलं होतं. ते रोजच्या वापरात विरलं तेव्हा त्यांनी त्याचे तुकडे मुलीच्या पिशवीला लावले.

तंबूंच्या जागी हळूहळू विटांची कौलारू घरं उभी राहिली. आखीव रांगा, घराभोवती थोडी परसजागा. भाजी लावता येईल एवढी जमीन दाराशी आली, आणि आमा-लांच्या मते त्या दिवशी घर झालं. पहिल्या पावसाळ्यांत पीक धड आलं नाही. पुढे मक्याने मात्र पाय रोवले. स्वित्झर्लंडच्या मदत संस्थांनी शेतीचं तंत्र, यंत्रं आणि दुभती जनावरं यांसाठी हात दिला. स्वित्झर्लंडने १९६३ मध्ये १,००० तिबेटींना स्वतःच्या देशातही घेण्याचं ठरवलं होतं, त्यामुळे त्या देशाचं या लोकांशी नातं दुहेरी होतं. वसाहतीने सहकारी संस्था काढली. बियाणं, खत, ट्रॅक्टर, पिठाची गिरणी, गालिच्यांचं केंद्र, मालाची विक्री हे सगळं तिच्यामार्फत होऊ लागलं. आपल्याकडच्या सहकारी सोसायट्या पाहिलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. फरक असा की इथल्या सभासदाच्या नावावर सातबारा नव्हता. जमीन भाडेपट्ट्याची, कसण्याचा हक्क कुटुंबाचा, मालकी राज्याची. ती विकता येत नाही, तिच्यावर कर्ज काढता येत नाही.

१९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर एक गोष्ट लोकांच्या मनात पक्की झाली : परतणं इतक्यात नाही. तोवर घराघरांत बोलणं असे की एक-दोन वर्षांत परत जाऊ. कित्येकांनी म्हणूनच फळझाडं लावली नव्हती, कारण आंब्याला फळ धरेपर्यंत इथे कोण राहणार! युद्धानंतर झाडं लावली गेली. आमा-लांच्या परसातला आंबा आणि फणस त्या काळातले.

संसाराला दुसरा आधार शाळेचा होता, आणि माझ्या मते जमिनीइतकाच तो मोलाचा. तिबेटी मुलांसाठी वेगळ्या शाळा असाव्यात, तिथे आधुनिक विषयांबरोबर त्यांची भाषा आणि इतिहास शिकवला जावा, ही गोष्ट नेहरूंनी मान्य केली होती. पहिली शाळा मार्च १९६० मध्ये मसुरीला सुरू झाली आणि १९६१ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली तिबेटी शाळांचं स्वायत्त मंडळ स्थापन झालं. बैलकुप्प्यातही शाळा निघाली. सकाळी आई-बाप शेतात, मुलं शाळेत. तिबेटी, इंग्रजी, हिंदी वर्गात शिकायची, कन्नड बाजारात. आमा-लांचा रस्त्याच्या तंबूत जन्मलेला मुलगा इथेच अक्षरं गिरवायला शिकला. कुशालनगरच्या दुकानात आईचा हिशेब तोच करी. कन्नड दुकानदार, तिबेटी आई आणि मधे आठ-नऊ वर्षांचा दुभाषा, हे चित्र त्या काळी इथे रोजचं होतं. म्हैसूरला माझा मुलगा माझ्यासाठी हेच काम करत असे, त्यामुळे मला ते सहज समजलं.

मठ आले ते थोडे नंतर. पेनोर रिनपोचे या लामांनी १९६३ मध्ये नामद्रोलिंग मठाची सुरुवात केली, तेव्हा तिथे मूठभर भिक्षू होते आणि मंदिर बांबूचं होतं. याच मठातल्या ज्या सुवर्णमंदिराला आज गर्दी होते ते १९९९ मध्ये उघडलं. ल्हासाजवळ १४१९ मध्ये स्थापन झालेला सेरा मठ १९७० च्या सुमारास इथे पुन्हा वसला. बक्साच्या छावणीत वर्षानुवर्षं काढलेल्या सुमारे ३०० भिक्षूंनी हातात कुऱ्हाडी घेऊन रान साफ केलं आणि शेती करत करत न्यायशास्त्राचे वादविवाद चालू ठेवले. शिगात्सेच्या ताशी ल्हुन्पो मठाची नवी शाखाही १९७२ मध्ये इथेच आली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी शेत, मग शाळा, मग सोन्याचा कळस. सहलीला आलेला माणूस कळस पाहतो, पण त्याखाली पहिल्या दहा वर्षांच्या मक्याचं पीक आहे, हे त्याला कुणी सांगत नाही.

वसाहत धरली तशा म्हैसूरच्या मुलखात आणखी वसाहती झाल्या. दिक्यी लारसो १९६९ ची, हुणसूरजवळची राबग्येलिंग १९७२ ची, कोळ्ळेगाल भागातली धोंडेनलिंग त्यानंतरची. उत्तर कन्नडमध्ये मुंडगोडला १९६६ मध्ये मोठी वसाहत झाली होती. आणि मराठी वाचकांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल की १९७२ मध्ये अशीच एक वसाहत महाराष्ट्रातही झाली. तिचं नाव नोर्ग्येलिंग. तेव्हाच्या भंडारा आणि आताच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावला ती आहे. विदर्भाच्या उन्हात धान पिकवणारी ही तिबेटी कुटुंबं आमच्याच राज्यात पन्नास वर्षांहून अधिक काळ राहत आहेत, तिथल्या शाळेची मुलं मराठी बोलतात आणि आपण त्यांच्याबद्दल जवळपास काहीच बोलत नाही.

आता शेजाऱ्यांबद्दल. बैलकुप्प्याच्या भोवतीची कन्नड खेडी श्रीमंत नव्हती. अनेक कुटुंबं भूमिहीन होती, रानातून सरपण आणि चारा आणून जगत होती. त्यांच्या डोळ्यांदेखत ३,००० एकर रान गेलं, परक्या माणसांना घरं मिळाली, ट्रॅक्टर आले, दवाखाना आला. मनात सल येणारच, आणि तो आला. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मेल्विन गोल्डस्टीन यांनी १९६० च्या दशकात बैलकुप्प्यात राहून अभ्यास केला होता. त्यांच्या लेखनातही साधनांवरून होणारी ही ओढाताण नोंदलेली आहे. हा सल खोटा नव्हता आणि तो झाकूनही ठेवू नये. तो फार चिघळला नाही, त्यामागे काही रोजचे व्यवहार होते. तिबेटी शेतांवर कन्नड मजूर कामाला लागले. वसाहतीचे ट्रॅक्टर आजूबाजूच्या शेतकऱ्यांनाही भाड्याने मिळू लागले. दुकानं, दवाखाना, बाजार यांत दोघंही येत-जात राहिले.

याच सीमेवर एक मोठी गोष्ट जन्मली. तिबेटी पुनर्वसनाला मदत करण्यासाठी कॅप्टन विल्यम डेव्हिन्सन यांनी १९६८ मध्ये म्हैसूर रिसेटलमेंट अँड डेव्हलपमेंट एजन्सी, म्हणजेच मायराडा, ही संस्था काढली. पुढे वसाहती आपल्या पायावर उभ्या राहिल्या तशी संस्था कर्नाटकातल्या गरीब खेड्यांकडे वळली. १९८० च्या दशकाच्या मध्यावर तिने एकमेकांवर भरवसा असलेल्या माणसांचे छोटे बचतगट बांधले. १९८७ मध्ये नाबार्डने या प्रयोगाला पैसे दिले आणि १९९२ पासून बचतगट थेट बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. सांगलीत माझी वहिनी ज्या गटाची अध्यक्ष होती, त्या बचतगटाच्या पद्धतीचा एक झरा म्हैसूरच्या या तिबेटी वसाहतींच्या कामातून निघालेला आहे. निर्वासितांना दिलेला हात यजमानांच्याच घरात परत आला, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

एका एकरावर वाढतं कुटुंब जगत नाही. मुलं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, जमीन तेवढीच राहिली. पाऊस चुकला की मका गेला. मग स्वेटरचा धंदा आला. मक्याची कापणी आटोपली की घरातली करती माणसं लुधियानाहून उधारीवर माल उचलत आणि ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत शहरोशहरी बसत. मुंबई, पुणे, नागपूर, म्हैसूर, बेंगळुरू. मुलं वसतिगृहात किंवा आजीपाशी. फेब्रुवारी-मार्चमध्ये लोसार, म्हणजे तिबेटी नवं वर्ष, येई त्याच्या आत सगळे घरी परत. आमा-ला म्हैसूरला बसत कारण त्यांना लांबचा प्रवास झेपत नव्हता. त्यांची बहीण नागपूरला जाई आणि येताना संत्री आणे. फुटपाथवरच्या या दुकानांशी आपण घासाघीस केली आहे. विकणारी बाई सहा महिने शेत कसते आणि चार महिने घर सोडून राहते, हे आपण कधी विचारलं नाही. त्या स्वेटरांवर बैलकुप्प्यातल्या दोन पिढ्यांची शिक्षणं झाली.

पहिल्या पिढीने एकाच आयुष्यात एवढं केलं. जमीन, शाळा, बाजार : तिन्ही आधार मिळाले आणि त्यांवर रोजचं जगणं उभं राहिलं. चौथी गोष्ट कागदाची, आणि तिथे आपण कमी पडलो.

निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही आणि निर्वासितांसाठी देशात वेगळा कायदाही नाही. तिबेटी माणूस कागदोपत्री परदेशी नागरिक असतो. त्याला नोंदणी प्रमाणपत्र काढावं लागतं, ते मुदतीत नवं करून घ्यावं लागतं, परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी पिवळ्या पुठ्ठ्याचं ओळखपत्र लागतं. आमा-लांच्या धाकट्या मुलीचा जन्म बैलकुप्प्यातला. ती अस्खलित कन्नड बोलते, तिला म्हैसूरच्या दसऱ्याची जंबो सवारी पाठ आहे, आणि तरीही ती वर्षानुवर्षं परदेशी म्हणून रांगेत उभी राहिली. कायदा पाहिला तर २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक आहे. तो तिबेटी मुलांनाही लागू होतो, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं. २०१४ मध्ये केंद्राने तिबेटी पुनर्वसन धोरण जाहीर केलं, त्यात जमिनीचे करार रीतसर करून देण्याची आणि सरकारी योजनांचा लाभ देण्याची तरतूद होती. २०१७ मध्ये अशा जन्माने नागरिक असलेल्यांना पासपोर्ट देण्याचा आदेश निघाला, पण नोंदणी प्रमाणपत्र परत करावं आणि वसाहतीत राहू नये अशा अटी त्याला जोडल्या गेल्या. म्हणजे नागरिक व्हायचं तर ज्या घरात जन्मलो ते घर सोडायचं. आई-बापांनी जंगल साफ करून मिळवलेल्या परसाच्या बदल्यात पासपोर्ट, हा सौदा कुठल्याही लेकराला करायला लागू नये.

तरुण पिढी त्यामुळे वाट काढते आहे, आणि ती वाट देशाबाहेर जाते. अमेरिकेने १९९० च्या कायद्यात भारत आणि नेपाळमधल्या १,००० तिबेटींसाठी व्हिसांची तरतूद केली. मग त्यांच्या मागे कुटुंबं गेली. न्यू यॉर्क, मिनेसोटा, टोरांटो इथे आज तिबेटींच्या वस्त्या आहेत. निर्वासित तिबेटी प्रशासनाच्या २००९ च्या पाहणीत भारतात ९४,२०३ तिबेटी होते. त्यानंतर तो आकडा घटत गेला. बैलकुप्प्याच्या शाळांत मुलं कमी झाली, शेतं खंडाने गेली, काही घरांत फक्त म्हातारी माणसं उरली. आमा-लांचा नातू आज टोरांटोत आहे. बायको, लहान मूल, नवी भाषा, नवं हवामान. त्याच्या आजीने जे १९६१ मध्ये म्हैसूरला केलं तेच तो तिथे करतो आहे. एकच कुटुंब तीन पिढ्यांत दोनदा मुळापासून उखडलं. पहिल्या वेळी चिनी सैन्यामुळे. दुसऱ्या वेळी त्याला कुणी हाकललं नाही, पण थांब असंही कुणी म्हटलं नाही.

आमा-ला आता नाहीत. त्यांनी मला शिकवलेली गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली आहे आणि इथेही सांगते. परक्या मुलखात आलेल्या तरुण संसाराला दया पुरत नाही. त्याला चूल पेटेपर्यंतचा शिधा लागतो, कसायला जमीन किंवा करायला धंदा लागतो, मुलांना आपल्या भाषेची शाळा लागते, शेजाऱ्याशी देवघेव लागते आणि उद्या आपल्याला कुणी उठवणार नाही अशी लेखी खात्री लागते. म्हैसूर राज्याने १९६० मध्ये यांतल्या पहिल्या गोष्टी दिल्या, तेही स्वतः श्रीमंत नसताना आणि स्वतःच्या भूमिहीनांचा प्रश्न सुटलेला नसताना. या निर्णयाची आठवण दक्षिणेत आहे, ती सगळ्या देशात असायला हवी.

वाचकांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी कूर्गला जाताना बैलकुप्प्यात थांबलात तर सुवर्णमंदिरानंतर पहिल्या कॅम्पपर्यंत चालत जा आणि एखाद्या घरी चार शब्द बोला. विदर्भात असाल तर गोठणगावला जा, ते आपलं गाव आहे. आणि ज्यांच्या हातात कायदे करणं आहे त्यांना आपण सगळ्यांनी मिळून सांगायला हवं की या मातीत जन्मलेल्या तिबेटी मुलांना घर सोडण्याची अट न घालता नागरिकत्वाचा कागद द्या. त्यांच्या आई-बापांनी त्याची किंमत कधीच चुकती केली आहे.